वहीचा फोटो काढणाऱ्या मामी

पत्र

ताई, नमस्कार.

मी माण तालुक्यातली, दहिवडीपासून थोडं आत आमचं गाव. आमचा बचत गट नऊ वर्षांचा आहे, दरमहा शंभर रुपये बचत. आधीच्या अध्यक्षबाईंच्या वेळी हिशेबात ६,४०० रुपयांची तफावत निघाली. पैसे कुणी खाल्ले असं मला वाटत नाही. दारात येईल तिला त्या उसने देत गेल्या आणि लिहायचं राहत गेलं. पण भांडणं झाली, दोघी गट सोडून गेल्या, आता आम्ही अकराजणी आहोत. माझी बारावी झालीय म्हणून आठ महिन्यांपूर्वी सगळ्यांनी मला अध्यक्ष केलं.

पहिल्याच बैठकीत मी सिद्धनाथाची शपथ घेऊन सांगितलं की एक रुपया इकडचा तिकडं होणार नाही. तरी बायकांचा विश्वास नाही. मी लिहिताना वाकून बघतात. मी पैसे मोजले की परत मोजतात. एक मामी तर दर बैठकीला वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढतात, माझ्या तोंडासमोर! इतका अपमान वाटतो की एकदा घरी येऊन रडले. ते ६,४०० मी माझ्याकडचे भरून टाकू का? म्हणजे विषय एकदाचा संपेल आणि मी कशी आहे ते त्यांना कळेल.

ग्रामसंघाचंही (गावातल्या सगळ्या गटांचा संघ) काम माझ्याकडं आहे, त्यामुळं घराकडं दुर्लक्ष होतं. मुलगी नववीत आहे, फळ्यावरचं दिसत नाही म्हणते. तिला चष्म्याचा नंबर काढायला दहिवडीला न्यायचं दोनदा ठरलं, दोन्ही वेळा बैठक निघाली. पण ती समजूतदार आहे, काही बोलली नाही. हल्ली एकूणच कमी बोलते. वयच तसं असतं.

मी काय केलं म्हणजे बायका माझ्यावर विश्वास ठेवतील?

— एक अध्यक्ष

उत्तर

ताई, आधी पैशांचं बोलू, कारण हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर तुम्ही ते करून बसाल अशी मला भीती आहे. ते ६,४०० रुपये पदरचे भरू नका. त्यातला एक रुपयाही नाही.

ज्या दिवशी नोटा पेटीत ठेवाल त्या दिवशी बायका तोंडभरून कौतुक करतील. त्याच रात्री भाकरी थापताना एकीच्या मनात येईल, "हिला काय पडलं होतं भरायला? का हिच्याकडंच होते?" दुसऱ्या दिवशी नळावर ती हे दुसरीला सांगेल, आणि आठ दिवसांत तुम्ही चोर ठराल, तेही स्वतःचे पैसे घालून. शिवाय पायंडा पडेल तो वेगळाच. अध्यक्ष म्हणजे खड्डा पडला की पदरमोड करणारी बाई, असं एकदा ठरलं की तुमच्यानंतर मजुरीवर जाणाऱ्या एखादीनं अध्यक्ष व्हायचं कसं?

तफावतीचा मार्ग सरळ आहे, फक्त कंटाळवाणा आहे. सीआरपी ताईंना, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीला, एक दिवस बोलवा. अकराजणींची पासबुकं आणि गटाची खतावणी शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा. मधल्या काळात पाचशे-हजार उचलल्याचं जिला आठवेल तिला ते कबूल करायची जागा ठेवा. तिच्यावर कुणी तुटून पडणार नाही हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर कुणाला काही आठवणार नाही. शेवटी जी रक्कम लागणारच नाही तिचा ठराव लिहा. इतकी तफावत, ती गटाच्या व्याजाच्या नफ्यातून वजा करायची की आणखी काही, हे अकराजणींनी ठरवायचं. सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेऊन तो विषय तिथं मिटवा. त्यानंतर "त्यांच्या काळात" हे दोन शब्द बैठकीत काढू नका. तुम्ही ते साध्या मनानं म्हणाल, पण ऐकणारीला त्यात "मी बघा कशी" एवढंच ऐकू येतं. आणि आधीच्या अध्यक्षबाईंची एखादी जाऊ किंवा पुतणी तुमच्या त्या अकराजणींतच बसलेली असते. गाव आहे.

आता शपथेचं. ती खोटी नव्हती, मला मान्य आहे. पण शपथ पुढच्या दिवसांची असते आणि पुढचे दिवस कुणाला वाचता येत नाहीत. बायका मागचे दिवस वाचतात. तुमच्याकडं टँकर काय असतो हे सांगायला नको. समजा एक टँकर मोठा आहे, पण कधी सकाळी येतो, कधी रात्री दहाला, कधी दोन दिवस नाहीच. दुसरा लहान आहे, पण सातला म्हणजे सातला. मोठ्या टँकरची बायका वाट बघतात. पण आज खुरपायला जायचं की घरी थांबायचं, हे त्या लहान टँकरवर ठरवतात. तुम्हाला गटात जे हवंय ते हे दुसरं आहे. तुमच्या चांगुलपणाबद्दल त्यांना शंका असेलच असं नाही. फक्त तुमच्या भरवशावर दिवस ठरवावा इतकं त्यांनी तुम्हाला अजून बघितलेलं नाही.

मला हे उशिरा कळलं आणि कळलं तेही बोलणी खाऊन. मी तेव्हा एका बँकेत फिल्ड ऑफिसर होते, नवी नवी. गटांच्या वह्या बघायच्या, कर्जाचे कागद करायचे, हप्त्यांच्या मागं लागायचं. एका गटाला ३०,००० हवे होते. मी साहेबांशी भांडून ५०,००० मंजूर करून घेतले आणि भलतीच खुशीत होते. त्या धावपळीत त्या बायकांना दिलेला मंगळवार दोनदा हुकला. एकदा एसटी चुकली, एकदा शाखेत तपासणी लागली. मोबाईल तेव्हा खेड्यात कुणाकडं नव्हता. निरोप द्यायचा तर किराणा दुकानातल्या फोनवर, आणि मला ते सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. "जाऊ दे, समजून घेतील" असं म्हटलं.

मंजुरीचा कागद घेऊन गेले तेव्हा हार-नारळ नाही तरी निदान चहा होईल असं वाटलं होतं. एक आजी म्हणाल्या, "बाई, कर्ज मोप आणलंस. पण दोन मंगळवार आमी रोजगार बुडवून बसलो हुतो, त्याचं काय?"

बारा बायका आणि दोन दिवस, म्हणजे चोवीस मजुऱ्या. मी त्यांना वीस हजार जास्त मिळवून दिले होते खरे, पण ते कर्ज होतं, त्यांनाच फेडायचं होतं. चोवीस मजुऱ्या मात्र मी घेतल्या होत्या आणि त्या परत करायची काही सोय नव्हती.

पुढच्या मंगळवारी वेळेवर गेले. फाट्यावर उतरले तर एक पोरगा सायकल घेऊन उभा. मला बघितलं आणि गावाकडं सुटला. मला वाटलं खेळतोय. नंतर कळलं, बायकांनी त्याला मुद्दाम ठेवला होता. बाई खरोखर एसटीतून उतरली की रानात जाऊन सांगायचं, मग बायका खुरपी टाकून येणार. तोवर कुणी हलणार नाही. दर मंगळवारी तो पोरगा उभाच. मला राग यायचा, अगदी तुमच्यासारखा. एवढं कर्ज करून दिलं आणि माझ्यावर पहारा?

मी मंगळवार पाळत गेले, एवढंच. जमणार नसेल तर आदल्या दिवशी दुकानात फोन. तसा दोनदा करावा लागला. जास्तीचं काही दिलं नाही, समजावून सांगितलं नाही. सात-आठ महिन्यांनी एका मंगळवारी फाट्यावर उतरले तर पोरगा नाही. गावात पोचले तर बायका आधीच येऊन बसलेल्या. पोरगं आजारी असेल असं वाटून मी विचारलं, तर एकजण म्हणाली, "आता कशाला?"

तुमच्या मामी म्हणजे माझा फाट्यावरचा पोरगा. ज्या दोघी गट सोडून गेल्या त्या काही फोटो काढायला येत नाहीत. मामी येतात, म्हणजे त्या अजून हिशेबात आहेत. दरमहा शंभर म्हणजे नऊ वर्षांत त्यांनी १०,८०० रुपये या पेटीत टाकलेत, व्याज सोडून. त्यांना ते कुणी फुकट दिलेले नाहीत. मागच्या वेळी विश्वास ठेवला आणि वहीत घोळ निघाला. त्यानंतरही ही बाई शंभराची नोट घेऊन येते, बसते आणि फोटो काढते. मी तुमच्या जागी असते तर (हे आता सांगणं सोपं आहे म्हणा) तिचे आभार मानले असते.

पुढच्या बैठकीत त्यांनी मोबाईल काढायच्या आत तुम्हीच म्हणा, "मामी, पानाचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका, सगळ्यांकडं राहू दे." टोमणा मारल्यासारखं नको. आवाज जरा चढला तरी मुसळ केरात. दुसऱ्या बैठकीलाही म्हणा, तिसऱ्यालाही. मग तो मामींचा संशय राहणार नाही, गटाची रीत होईल, आणि रीत कुणाचा अपमान करत नाही.

बाकीचंही त्याच अंगानं बघा. तुम्ही विचारलंत की मी काय केलं म्हणजे विश्वास बसेल. तुम्हाला तपासणं सोपं होईल असं जे जे असेल ते करा, आणि दर वेळी तसंच करा. पैसे गोलाच्या मधोमध ठेवायचे. प्रत्येकीनं आपली रक्कम मोठ्यानं बोलून ठेवायची. कोषाध्यक्षांनी मोजायची, मग पाळीनं आणखी एकीनं मोजायची. आता त्या तुमच्यामागं परत मोजतात ना? मोजणारी दुसरी बाई तुम्हीच नेमा, दर बैठकीला वेगळी. मग तिथल्या तिथं पासबुकात आणि वहीत लिहायचं आणि त्यानंतरच नोटा पेटीत जायच्या. पेन्सिल नको. आकडा चुकला तर एक रेघ मारून शेजारी सही, खाडाखोड नाही, वर पांढरं फासणं तर अजिबात नाही. "आत्ता कच्चं लिहिते, घरी जाऊन पक्कं करते" हे वाक्य तुमच्या गटात बंद करा. तुमचे ६,४०० त्याच वाक्यात गेलेत, चोर बाहेरून आलेला नाही.

उठायच्या आधी पेटीतली शिल्लक मोठ्यानं सांगा. मग जिला वाचता येत नाही अशाच एखादीला विचारा, "आज पेटीत किती?" पुढची बैठक तिनं तो आकडा सांगितल्याशिवाय सुरू करायची नाही. दोन-तीन महिन्यांत बघा, रानात काम करताना बायकांना पेटीतला आकडा तोंडपाठ असेल. आकडा माहीत असलेल्या बाईला वाकून बघावं लागत नाही. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडं, वह्या तिसरीकडं हेही करत असाल अशी आशा आहे. बँकेत गटाच्या खात्याला एकटीची सही चालत नाही, त्याच कारणानं.

लिज्जत पापड तुमच्या घरी येत असेल. १९५९ साली गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. त्यांना पैसे देणारे छगनबाप्पा पारेख पहिल्यापासून हिशेब चोख ठेवा म्हणून मागं लागलेले होते. आजही तिथली रीत अशी की बहिणी आदल्या दिवशीचे लाटलेले पापड घेऊन येतात, वजन होतं आणि लाटणावळ मिळते. "महिनाअखेरीला बघू" नाही. सातजणींच्या हजारो बहिणी झाल्या त्यामागं बरंच काही असेल, पण वजन समोर आणि पैसे हातात, हे त्यातलं फार मोठं कारण आहे असं मला वाटतं.

आणि तुमची स्वतःची पंचसूत्रीच बघा की. भिंतीवर लावलेली असेल, इतकी रोज दिसते की कुणी वाचत नाही. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाच्या वह्या अद्ययावत. पाचांत कुठंही "जास्त" किंवा "मोठं" हा शब्द नाही. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या बँकेनं १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग केला. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, दागिने नाहीत, अशा बायकांना तारणाशिवाय कर्ज द्यायचं तर बघायचं काय, हा प्रश्न होताच. उत्तर मिळालं ते वहीत. गट निदान सहा महिने चालू आहे का, बैठका ठरल्या दिवशी होतात का, आपसात दिलेलं कर्ज फिरून येतं का. हेच बघून बँका पहिलं कर्ज देतात. मी स्वतः कितीतरी वह्या चाळल्या आहेत. गोल गोल अक्षर आणि एकाच बैठकीत, एकाच शाईनं लिहिलेले सहा महिने दिसले की आम्हाला कळायचं. भाकरीचं पीठ सांडलेली, चार हातांची अक्षरं असलेली वही बरी.

इथं एक हिशेब तुम्हाला दाखवायचाय. तुम्ही म्हणता, आठ महिने झाले तरी विश्वास नाही. बैठक महिन्याला एक असेल तर बायकांनी तुम्हाला पैसे हाताळताना आठ वेळा बघितलंय. आठच! आठ वेळांत सून कशी आहे तेसुद्धा कळत नाही. जमत असेल तर बैठक पंधरा दिवसांवर आणा. आठवड्याला झाली तर फारच चांगलं, अर्ध्या तासाची का असेना. म्हणजे शंभराची बचत पंचवीसनं जमा होईल, जी बाई महिन्याला शंभर काढताना मेटाकुटीला येते तिलाही बरं पडेल, आणि तुम्ही त्यांना लवकर दिसाल.

वेळ ठरली की चारजणी असल्या तरी सुरू करा. सरपंचांच्या घरची बाई यायची आहे म्हणून थांबलात, तर वेळेवर आलेल्या चौघींना तुम्ही शिक्षा दिलीत. उशिराचा दंड दहा रुपये असेल तर तो सगळ्यांना दहा रुपयेच, तिलाही आणि तुम्हालाही. तुम्ही उशिरा आलात तर आधी दहाची नोट ठेवा, मग बसा. कारण सांगू नका. तुमचं कारण खरंच असेल, पण प्रत्येकीकडं खरं कारण असतं.

सगळ्यात अवघड जागा बैठकीत नाही, दारात आहे. रात्री नऊला कुणीतरी येणार. पोराला दवाखान्यात न्यायचंय, दोन हजार दे, उद्या लिहू. ती खोटं बोलत नसते आणि तुम्ही दगड नाही. आधीच्या अध्यक्षबाई इथंच अडकल्या, आणि मला त्यांची थोडी कणव येते. म्हणून आत्ताच, सगळं शांत असताना, ठराव करून ठेवा. अडीअडचणीसाठी ठरावीक रक्कम, समजा दोन हजार, वेगळी ठेवायची. ती द्यायची तर आणखी दोघींना फोन करून, त्याच वेळी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकून, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी तेच वाचून. त्यापलीकडं कुणी मागितलं तर "माझ्या हातात नाही, ठरावात नाही." तुमच्या सख्ख्या बहिणीनं मागितलं तरी हेच. पहिल्या वेळी नाही म्हटल्यावर दोन दिवस फुगतील. पण तुमच्या जावेलाही तुम्ही नाहीच म्हणालात हे कळलं की फुगा उतरतो. नाही म्हटल्यामुळं अध्यक्ष नकोशी झालेली मी फारशी बघितली नाही. एकीला नाही आणि दुसरीला हो म्हटल्यामुळं मात्र गट फुटलेले बघितलेत.

आणि चुकाल तेव्हा, म्हणजे चुकालच, दुसरीच्या लक्षात यायच्या आत तुम्ही सांगा. रकमेसकट. "मागच्या वेळी अमक्याताईंचे पन्नास व्याजात धरायचे ते बचतीत धरले, आज दुरुस्त केले." बस्स, पुढं एक शब्द नको. रडू नका, सफाई देऊ नका, तुम्हाला किती वाईट वाटलं तेही सांगू नका. त्यांना पन्नास रुपये कुठं गेले एवढंच हवं असतं.

एवढं केलं तरी एखादी राहीलच जिचा तुमच्यावर कधी विश्वास बसणार नाही. बसू दे तिला तशीच. शंभर देते ना वेळेवर?

आता तुम्ही ज्या गोष्टीवर जाता जाता चार वाक्यं खर्च केलीत तिकडं येते. "पण ती समजूतदार आहे, काही बोलली नाही."

मामी फोटो काढतात त्याचा तुम्हाला त्रास होतो आणि मुलगी काही बोलत नाही त्याचं कौतुक वाटतं. मला उलटं वाटतं. पोरगा फाट्यावर उभा होता तोवर त्या बायका माझी वाट बघत होत्या. तुमच्या मुलीनं पोरगा उभा करायचं थांबवलंय, आणि ते तुम्ही वेळेवर येऊ लागलात म्हणून नाही.

वयाचा भाग असेलही. मी तिला ओळखत नाही, उगाच भीती घालायची नाही. पण नववीतली मुलगी, जिला फळा दिसत नाही, ती रोज काय करत असेल बघा. शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत असेल. शेजारणीनं आकडा चुकवला की हिचाही चुकत असेल. बाईंनी उभं करून फळ्यावरचं वाच म्हटलं की काय होत असेल? दोनदा तिनं धरून चाललं असेल की आता हे संपणार. गटातल्या एखादीचे दोन हप्ते तुम्ही घेतले आणि लिहायचे राहिले, तर ती गप्प बसली म्हणून तुम्ही तिला समजूतदार म्हणाल?

तुम्ही हे वाचून तिला सातारला फिरवायला नेणार, ड्रेस घेणार, नवा मोबाईल कबूल करणार, असं मला दिसतंय. ते नको. ते पुन्हा पदरचे ६,४०० आहेत. तिला नंबर काढून हवाय.

आज रात्री सांगा, "दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा मी नेलं नाही. माझं चुकलं." इथंच थांबा. "पण बैठक होती ना गं" हे जिभेवर येईल, ते गिळा. मग वार सांगा. असा वार, ज्या दिवशी ग्रामसंघाचं काहीही निघालं तरी तुम्ही "त्या दिवशी मी नाही" म्हणणार आहात. कारण विचारलं तर चष्म्याचं सांगा, लाजू नका. पोरीच्या डोळ्यांसाठी अध्यक्ष एक दिवस आली नाही, हे ऐकून गावातल्या बायका तुम्हाला कमी लेखणार नाहीत.

ती बहुतेक "बघू" म्हणेल, किंवा नुसती मान हलवेल. तो तिचा फोटो आहे, मनाला लावून घेऊ नका.

रोजचंही थोडं बघा. "आत्ता आले, पाच मिनिटांत" असं सांगून तुम्ही बैठकीला जात असाल. मी जात होते. पाच मिनिटं म्हणून दोन तासांनी यायचं, आणि पोरांनी ताटं झाकून ठेवलेली असायची. त्यापेक्षा "साडेआठ होतील" म्हणा आणि सव्वाआठला या. कमी कबूल करा. घरात तुम्ही जे कबूल करता ते कुठल्याच वहीत नसतं, त्यामुळं ते राहून गेलं तर तुमच्या लक्षात येत नाही. तिच्या येतं.

आणि संध्याकाळी "आज शाळेत काय झालं" असं विचारू नका, त्याला "काही नाही" हे एकच उत्तर असतं. "आज फळ्यावरचं काय दिसलं नाही?" असं विचारा. ती सांगेल ते ऐका. त्यावर उपाय सांगायला जाऊ नका.

नंबर काढला की चष्मा तयार व्हायला बहुतेक दोन-चार दिवस लागतील, म्हणजे दहिवडीची दुसरी फेरी आलीच. तो वार तिला ठरवू द्या. ग्रामसंघाच्या बैठका ज्या वहीत लिहिता त्याच वहीत तिच्यासमोर लिहा, पेनानं. शाळा सुटल्यावर जाणार असाल तर घंटा व्हायच्या आधी जाऊन फाटकाशी उभ्या राहा.